वायर जोडण्याआधी

मस्कतहून माझी मुलगी विनिता कॉम्प्युटरवर बोलते, ते मला नीट ऐकू येत नसे. म्हणून डिचोलीला स्पीकर घ्यायला गेले. दुकानदार रुद्रेशने स्वस्तातली जोडी घेऊन जा म्हणत पुढे केली.

“आजी, हेच व्हर. आवाजान घर भरतलें.”

“घरात ऐकायला आहे कोण?” मी हसले.

मयेला घरी परतून मी स्पीकर यजमानांच्या टेबलावर मांडले आणि बटण दाबले. कॉम्प्युटरला जोडायची वायर अजून माझ्या हातातच होती.

“शेवंती.”

आवाज यांचाच होता. यांना जाऊन सहा वर्षे झाली.

पण आमच्या वेळचे नवरे बायकोचे नाव घेत नसत. चाळीस वर्षे यांनी मला नुसते ‘अगो’ म्हटले.

“शेवंती, घरात तू एकटीच गो?”

किती दिवसांनी कोणी माझी चौकशी करत होते.

“होय,” मी म्हणाले. “एकटीच.”