तीन हात लांब

टेकडी उतरताना अनंतरावांना धामण दिसली ती काठीवर लटकलेली. डोकं ठेचलेलं होतं, शेपूट अजून वळवळत होतं. काठी धरणाऱ्याच्या मागे सात-आठ माणसं होती. कोणाच्या हातात फोन, कोणाच्या हातात दगड.

"थांबा," अनंतराव पोरांना म्हणाले.

शंकर नगरातली अकरा पोरं पाऊलवाटेच्या कडेला थबकली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी अनंतराव त्यांना रायपूरबाहेरच्या रानात आणत. शाळेतली मास्तरकी सोडून त्यांना चौदा वर्षं झाली होती. गुडघे चढाला कुरकुरत आणि उताराला रडत. आजची ही शेवटची खेप, असं त्यांनी सकाळी चढतानाच ठरवून टाकलं होतं.

काठीवाल्याने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग काठी डाव्या हातात घेतली आणि वाकून उजव्या हाताने त्यांच्या पायांना स्पर्श केला.

"सर, मले ओळखलं काय? शेखर. आठवी ब."

अनंतरावांनी ओळखलं. वहीच्या मागच्या पानावर सापच साप काढायचा, तो शेखर.

"सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये आहो. सेफ्टी पाहतो. आज स्टाफची पिकनिक आहे."

"हा कोणता साप, शेखर?"

शेखरने एकदा मागे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "धामणच होय, सर. मोठा डोळा, ओठावर काळ्या उभ्या रेघा. विष नाही. विसरलो नाही मी."

"मग मारली काहून?"

"सारे करैत-करैत, म्हणजे मण्यार, म्हणून ओरडून राहिले होते. सेफ्टीवाला म्हणून काठी माह्याच हातात दिली."

"एकदा तरी सांगितलंस त्यांना?"

शेखरने काठी खाली घेतली.

अनंतरावांना राग यायला हवा होता. तो आला नाही. कुठेतरी खाली टेकावं, एवढंच वाटलं. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर त्याच रेघा काढल्या होत्या, आणि पोरगा त्या विसरलाही नव्हता.

"जोड़ा रहता है, साहब!" मागून एक जाडजूड माणूस पुढे आला. त्याला सगळे भैय्यालाल म्हणत होते. "एक को मारा तो दूसरा बदला लेने आएगा. ढूँढो!"

"भैया, यह धामन है," अनंतराव म्हणाले. "इसमें ज़हर नहीं रहता. बदला-वदला कुछ नहीं."

"हव गुरुजी, हव," भैय्यालाल अदबीने म्हणाला आणि शेजारचं झुडूप बडवायला लागला. बाकीचेही पांगले. "बच्चा लोग, तुमने देखा क्या दूसरा?"

पोरांनी माना हलवल्या. कौमुदीने मानही हलवली नाही. ती वाटेच्या वळणावर एका धोंड्यावर बसली होती, मागच्या कपारीकडे पाठ करून.

साप दिसला तर ओरडायचं नाही, तीन हात लांब थांबायचं आणि हात वर करायचा, हा अनंतरावांचा नियम होता. नऊ वर्षांच्या कौमुदीने तो आजवर एकदाही पाळला नव्हता. सकाळपासून सरडा, वेलाचं वेटोळं, कोणाची तरी तुटकी चप्पल, सगळ्याला ती "साँप! साँप!" करून नाचली होती. आता ती घाबरली असावी, असं अनंतरावांना वाटलं. घाबरणारच. ठेचलेलं डोकं पाहायला का तिला आणलं होतं?

झुडपं बडवत भैय्यालाल तिच्यापाशी आला. "हट बेटा. पीछे देखने दे."

"पाँव मुड़ गया," कौमुदी म्हणाली.

अनंतरावांनी डोळे मिटले. गाडी पार खाली, डांबरी रस्त्यावर उभी होती. या पोरीला उचलून कोण नेणार?

"ऊठ कौमुदी. बघू दे पाय."

"नहीं होता, आजोबा."

शेखरने काठी झाडाला टेकवली, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिचा घोटा दाबून पाहिला. "दुखते?"

"बहुत."

घोट्याला सूज नव्हती. शेखरने वर पाहिलं, तिच्या तोंडाकडे. मग तिच्या खांद्यावरून मागे. तिथेच त्याची नजर थोडा वेळ थांबली.

तो गुडघे झटकत उठला. "इधर मैंने देख लिया. कुछ नहीं है. चलो, खाना ठंडा हो रहा है."

"ठीक से देखा, साहब?"

"सेफ्टी मैं देखता हूँ कि तू?"

माणसं हसली. भैय्यालालही हसला. मेलेली धामण गवतात टाकून सगळे उताराला लागले. शेखर शेवटी निघाला. त्याने अनंतरावांकडे पाहिलं नाही. काठी झाडालाच टेकलेली राहिली.

आवाज खाली खाली जात थांबले. पोरं पुन्हा बडबडू लागली, कोणीतरी चिवड्याची पुडी फोडली.

"चल," अनंतराव म्हणाले. "माझा हात धर. हळू उतरू."

कौमुदी उभी राहिली, दोन्ही पायांवर, नीट. चार पावलं पुढे येऊन त्यांच्या शेजारी थांबली.

"आजोबा," ती कुजबुजली, "अब हाथ ऊपर करूँ?"

अनंतराव गुडघ्यावर हात टेकून वाकले. धोंड्यामागे तीन हातांवर कपार होती. कपारीच्या सावलीत एक मोठा, गोल डोळा होता. ओठावर काळ्या उभ्या रेघा.

मागे दहा पोरं गलका करत होती. अनंतरावांनी कौमुदीच्या आधी स्वतःचाच हात वर केला.