पणजोबांच्या थडग्यावरचा झेंडा

अमेरिकेच्या यादवी युद्धात पूर्व टेनेसीतल्या एकेका घरातून उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या, दोन्ही फौजांत माणसं गेली. बाबांचे पणजोबा अ‍ॅबसलम घोडदळात होते. पण कोणत्या बाजूच्या, यावरून बाबा आणि हॉबर्टकाका या सख्ख्या भावांनी बोलणं टाकलं होतं. दर मे महिन्यात, थडगी सजवायच्या दिवशी, बाबा सकाळीच पणजोबांच्या थडग्यावर दक्षिणेचा झेंडा लावत. दुपारी काका येऊन तो उपटत आणि उत्तरेचा लावत. बाबा समोरच्या ओकच्या झाडाखाली बसून बघत राहत.

यंदा बाबा हयात नव्हते. काका आपला झेंडा घेऊन आले आणि उपटायला काहीच नाही हे पाहून घुटमळले. मी त्यांच्या हातात सरकारी दफ्तरातली पणजोबांच्या फौजेतल्या नोकरीची नोंद ठेवली.

"दोन्हीकडे भरती?" काका ओरडले. "आणि दोन्हीकडून पळाला? घोड्यासकट?"

"एकदा पेरणीला, एकदा कापणीला."

"शाबास! आणि या पळपुट्यापायी आम्ही जन्मभर भांडलो. तुझ्या बापाला हे कळायला हवं होतं, पोरी. त्याचं तोंड बघायचं होतं मला."

"बाबांना माहीत होतं, काका. मी शाळेत असताना त्यांनीच ही नोंद मागवली होती."

"मग तो गाढव दरवर्षी झेंडा कशाला लावायचा?"



"तुम्ही तो उपटायला यायचात, म्हणून."