दाराचा उजेड

कार्डावर त्रेसष्ट फोटो होते. तीन फोटोंवर विमानाची रेघ, एकावर विपुलचा अंगठा. कामाचे उरले एकोणसाठ, प्रत्येक एका मिनिटाचा. मृग नक्षत्रातला तेजोमेघ नीट उठून दिसायला असे एकशेवीस फोटो एकमेकांवर चढवावे लागतील, असा विपुलचा हिशेब होता.

हेमालीने भावाचं, विपुलचं कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं आणि कॅमेरा दुर्बिणीला जोडला. दुर्बीण मनोजची, विपुलच्या मित्राची. त्याला ती विकायची होती. उद्या दहाव्याला आलो की घेऊन जाईन, असं त्याने खाली मान घालून सांगितलं होतं.

अकलोलीत थंडी उतरली होती. दक्षिणेला, अगदी खाली, भिवंडीच्या गोदामांचा पिवळट उजेड होता. त्याच्या बराच वर मृग. तिने विपुलचा तळहाताएवढा मीटर तिकडे धरला. आकाश जितकं काळं तितका आकडा मोठा. २०.३ आला.

पण अंगणात उजेडाचा एक बारीक पट्टा पडला होता, दुर्बिणीच्या पायापर्यंत. घराचं दार उघडं होतं. आत जमिनीवर, गेलेल्याची पावलं उमटतील म्हणून, पिठाचा पातळ थर, त्याच्याजवळ तेलाचा दिवा. अंबाडीजवळ ट्रकने विपुलची मोटरसायकल उडवली, त्या दिवसापासून तो दिवा विझला नव्हता आणि दार लागलं नव्हतं.

आई उंबऱ्यात बसली होती.

"आये, तासभर दार लावू?"

"न्हाय."

"उजेड येतो गं दुर्बिणीवर."

"त्याच्यासाठीच ठेवलाय उजेड. उद्या दहावा हाय. आजची रात दार न्हाय लावायचं."

हेमालीने अंगातली शाल काढून पट्ट्याच्या आड धरून पाहिली. शाल जरा हलली की पट्टा पुन्हा पायाशी यायचा.

"तो पन असाच वरडायचा," आई म्हणाली. "आये, दार लाव. आये, बत्ती बंद कर. चोरासारका काळोखात बसायचा."

"आणि तू मुद्दाम उशीर लावायचीस."

"मंग? भाकरी आंधारात थापू?" आईने दुर्बिणीकडे पाहिलं. "आजून किती पायजेत?"

"एकसष्ट."

"त्याचे किती झाले?"

"एकोणसाठ."

"मंजे आर्दं काम त्यानंच केलंय."

"हो. जवळजवळ."

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. आत जाऊन तिने दिव्यात तेल घातलं, वात पुढे सारली. बाहेर आली. दोन्ही फळ्या ओढून दार लावलं आणि त्यालाच पाठ टेकून पायरीवर बसली.

"कर तू तुजं. मी हितंच हाय. आला तर मीच उघडीन."

अंगण काळं झालं. हेमालीने बटण दाबलं. दर मिनिटाला कॅमेरा एकदा वाजत होता.

चाळिसाव्या फोटोच्या सुमाराला वज्रेश्वरीच्या बाजूने मोटरसायकल आली. आई उठून उभी राहिली. तिचा हात कडीवर गेला. मोटरसायकल घरासमोरून पुढे निघून गेली, आवाज नदीकडे उतरला आणि थांबला. आई कडी धरूनच उभी होती. मग हळूच खाली बसली.

"दिसतंय काय त्यात?" तिने विचारलं.

"एकेकट्यात नाही दिसत, आये. सगळे एकत्र केले की."

"बरं."

एकसष्टावा फोटो झाला. हेमालीने कॅमेरा बंद केला. काम संपलं की विपुल आकाश पुन्हा एकदा मोजायचा, म्हणून तिनेही मीटर मृगाकडे धरला. आकडा आला, तेव्हा कुठे मागे आई घाईघाईने दार उघडायला उठली.

मघाशी दार उघडं असताना २०.३. आता दार बंद असतानाही २०.३.