मूळ आवाज

पाचव्यांदा पडदा काळा झाला, तरी वैष्णवीनं माउसवरचा हात काढला नाही. टेबलावरच्या हार्ड डिस्कचा निळा दिवा लुकलुकला, आतून टक् टक् आवाज आला आणि जुना काँप्युटर एक शिट्टी मारून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला लागला.

पुढचा पोर्ट झाला, मागचा झाला. वायर बदलून झाली. प्रिंटर काढून टाकला. दौंडच्या दुकानातल्या प्रांजलला तिसऱ्यांदा फोन लावला.

"ताई, टकटक यायला लागली म्हणजे डिस्क थकलीय. अजून दोन-चार झटके बसले तर काहीच हाती लागणार नाही. तशीच इकडं घेऊन या."

"तुमच्याकडं पासवर्ड निघेल?"

"तो कसा निघंल?" तो म्हणाला. "चालू झालीच तर बघत बसू नका. आधी कॉपी करा."

तिच्या लॅपटॉपवर डिस्क पासवर्ड मागत होती. पासवर्ड तिच्या वडलांबरोबर, अण्णांबरोबर गेला होता, त्याला आज अठरा दिवस झाले. हा काँप्युटर तेवढा डिस्कला ओळखत होता, पासवर्ड मागत नव्हता, आणि ती जोडली की नेमका हाच मान टाकत होता.

अण्णांनी वरवंडच्या आसपासची हजारभर लग्नं शूट केली. एकातही ते नाहीत. मंगलाष्टकं सोडली, तर मूळ आवाज काढून ते सगळ्यावर गाणी चढवायचे, आणि कॅमेऱ्यामागून बोललेलं स्वतःचं तर सगळ्यात आधी कापायचे. फोनवर 'हां, ठेव' एवढंच. तिच्या लग्नाच्या सीडीतही गाणीच होती. पाठवणी तर नव्हतीच. ऐनवेळी बॅटरी उतरली म्हणाले होते. 'गावच्या पोरी वाटेला लावल्यात, स्वतःच्या पोरीला बॅटरी नव्हती,' हे ती नऊ वर्षं त्यांना ऐकवत आली होती. ते हसायचे.

न कापलेलं सगळं या डिस्कमध्ये होतं. त्यात कुठंतरी त्यांचा आवाज असणार होता.

"जेवलीस का न्हाई?" दारात शेजारचा कोंडिबा उभा होता. कांद्याला पाणी देता देता आलेला, नडगीपर्यंत चिखल. तिनं मान हलवली. त्यानं आधी मिणमिणत्या बल्बकडं बघितलं, मग टेबलाखाली.

"काटा किती दाखवतोय?"

"कसला काटा, मामा?"

"त्यो स्टॅबिलायझर हाय न्हवं तुझ्या पायाशी."

तिनं वाकून बघितलं. व्होल्टेजचा काटा दीडशेवर पडला होता.

"दीडशेवर ह्यो जुना गडी एकटाच कसाबसा उभा ऱ्हातोय, त्यात तू त्याच्या खांद्यावर दुसरं वझं देतीस. शेतीची थ्री फेज लाइट आलीय. वस्तीच्या सगळ्या पाण्याच्या मोटरी ऑटोवर एकदम उठल्यात. तुझा बा, मारुतराव, दिवसा शूटिंगचं मिक्सिंग करायचा व्हय कवा? चारला फेज गेली का मग बसायचा."

पुण्यात रोज आठ तास काँप्युटरपुढं बसणाऱ्या वैष्णवीला हे सुचलं नव्हतं. याच घरात ती वाढली होती.

"चारपत्तोर थांब की."

ती डिस्कवर हात ठेवून बसली. डिस्क गरम होती. कोंडिबानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि खिशातून फोन काढला.

"ज्योतिबा, मोटर बंद कर. आरं, धा मिंटं... का म्हंजी? तुझ्या लग्नात तू नाचता नाचता पडलास, ते मारुतरावनं कापलं का न्हाई? मग कर बंद."

दुसरा फोन म्हस्कूला लागला. मग कोंडिबा स्वतःची मोटर बंद करायला बांधावरून पळत गेला. साठीचा माणूस.

एकेक घरघर थांबत गेली. काटा एकशेसत्तरवर आला, एकशेनव्वदवर आला. शेवटची मोटर थांबली तेव्हा बाहेर इतकं शांत झालं की पाटातलं उरलेलं पाणी ऐकू यायला लागलं. काटा दोनशेदहा.

तिनं डिस्क जोडली. निळा दिवा लागला. लुकलुकला नाही.

गावांच्या आणि नवऱ्यांच्या नावांच्या रांगा उघडल्या. सगळ्यात खाली 'वैष्णवी – मूळ'. आधी कॉपी करा. तिला आठवत होतं. तिनं शेवटचा तुकडा उघडला.

फुलं लावलेली गाडी. दार धरून उभी असलेली ती, हिरवा शालू. काकू कुणाच्यातरी गळ्यात. चित्र एकदम हललं, खाली गेलं आणि तिथंच राहिलं. मातीत सांडलेल्या अक्षता. अण्णांच्या नव्या कोऱ्या चपला, त्यातला एक अंगठा मातीत रुतवलेला.

"मारुतराव," स्पीकरमधून नऊ वर्षांपूर्वीचा कोंडिबा म्हणाला, "पोरगी निघाली. घे की शूटिंग."

कुणीतरी श्वास घेतला, अगदी माईकजवळ. तो अर्धाच आत गेला.

"बॅटरी उतरली," अण्णा म्हणाले.

गाडीचं दार लागलं. चाकं अक्षतांवरून गेली, आवाज लांब लांब होत गेला. चपला हलल्या नाहीत.

"वैष्णवी," बांधावरून हाक आली, "झालं का? सोडू मोटर?"

तिनं स्पीकरचा आवाज वाढवला. चित्राखालची पट्टी पुढं सरकत होती. अजून अकरा मिनिटं बाकी दाखवत होती.