दुसरी सही

टेबलावर हेलिकॉप्टरच्या इंजिनातल्या एका नटाचे छायाचित्र पडले होते. तपासनीस बाई त्याच्याकडे पाहत नव्हत्या; त्या दोघा भावांपैकी थोरल्याच्या हातांकडे पाहत होत्या. ते हात त्याने मांडीवर उपडे ठेवले होते, जणू कुणी परक्याने सांभाळायला दिले असावेत.

“नट दीड फेरा सैल,” बाई म्हणाल्या. “यानं बसवलेली हवेची नळी सैल झाली की दाब गळतो आणि इंजिनाला इंधन कमी पडतं. पाती फिरतात, पण जोर जातो. हेलिकॉप्टर खाली येतं. तुम्हाला मी सांगायला नको.”

“नको.”

“अपघाताच्या आदल्या दिवशी नळी तुम्ही बसवलीत. तपासून दुसरी सही तुमच्या भावानं केली.”

थोरल्याने मान हलवली. दोघे भाऊ ज्या हँगरमध्ये हेलिकॉप्टरं दुरुस्त करत, तिथला नियमच तसा होता. एकाने आवळायचे, दुसऱ्याने स्वतः पाना लावून पाहायचे, मग दोघांच्या सह्या. बावीस वर्षांत थोरल्याचा एकही नट सैल निघाला नव्हता. “आमच्या घरातल्या बरण्या बायको शेजाऱ्यांकडून उघडून घेते,” असे तोच हसून सांगत असे.

आज मात्र त्याला स्वतःच्या हातांची खात्री उरली नव्हती. आणि हात चुकले असतील, तर धाकट्याने न पाहताच सही ठोकली असणार. पायलट इस्पितळात होता, कमरेखाली निपचित. दोघांचेही परवाने जाणार. कदाचित दोघेही तुरुंगात. धाकट्याला परवाना मिळून वर्षही झाले नव्हते, आणि घरात पाळणा हलायचा होता. वडील गेल्यावर पाना कसा धरायचा हे थोरल्यानेच त्याला शिकवले होते. अपघाताच्या दिवशी सर्वांत आधी धावला तोही धाकटाच. धुरातून त्याने पायलटला ओढून काढले. आग विझल्यावर, तपास पथक पोहोचेपर्यंत, हेलिकॉप्टरच्या सांगाड्याला कुणाचा हात लागू नये म्हणून एकटा पहारा देत बसला. अशा भावाला उघड्यावर कसे टाकायचे?

“भावाचा दोष नाही,” थोरला म्हणाला. “त्यानं पाहिलं तेव्हा नट घट्ट होता. तो सही करून गेला. मग मी नळी पुन्हा उघडली, आत कचरा आहेसं वाटलं म्हणून. लावली, पण आवळायचं राहून गेलं.”

खोटे इतक्या सहजपणे ओठांवर आले, की त्याचे त्यालाच नवल वाटले.

बाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला. मग धाकट्याला आत बोलावून जबाब वाचून दाखवला.

“तुम्हाला हे ठाऊक होतं?”

धाकट्याने क्षणभर थोरल्याकडे पाहिले. “हो, मॅडम. जाता जाता पाहिलं होतं मी, दादा नळी उघडत होता. म्हटलंसुद्धा, दादा, आवळायला विसरू नकोस हं.”

खोट्याचे जे घर थोरल्याने आत्ता, याच खुर्चीत बसून बांधले होते, त्यात धाकट्याला स्वतःची खिडकीही सापडली होती. घाबरलाय बिचारा, असे त्याने मनाला समजावले.

“मग याखाली सही करा,” बाई म्हणाल्या. धाकट्याने ती उभ्याउभ्याच केली.

बाईंनी तेव्हा दुसरे छायाचित्र काढले. “हे भिंगाखालचं. आगीत सगळं काजळीनं माखलं. नट आधीपासून सैल असता, तर उघडे पडलेले हे आटेही काळे झाले असते. ते तर चकचकीत आहेत.” त्या थोरल्याकडे वळल्या. “तुमचा नट घट्ट होता. आग विझल्यावर कुणीतरी पाना लावून तो सैल केलाय.”

“मग इंजिन कशानं बंद पडलं?” थोरल्याने विचारले.

“इंधनाच्या टाकीच्या तळाशी पाणी होतं, तेच इंजिनात गेलं. रोज सकाळी तळातलं थोडं इंधन बाटलीत काढून पाणी आहे का, ते पाहायचं असतं. त्या सकाळी ते काम तुमच्या भावाकडे होतं.”

थोरला सावकाश वळला. बोलताना त्याचा आवाज जराही चढला नाही.

“सांगाड्यापाशी तू एकटाच होतास,” तो म्हणाला. “एवढ्या नटांत माझाच नट का रे सापडला तुला?”

धाकट्याने पेनला टोपण लावले, ते कागदावर नीट आडवे ठेवले, आणि दार उघडून तो चालू लागला.