बोंबलांची माळ

माझा लेक कमळ्या गळ्यात सुक्या बोंबलांची माळ घालून बोईसर स्टेशनाबाहेर उपड्या क्रेटवर चढतो आणि भाषण ठोकतो, "दर्या विकू नका, भावांनो!" लोक हसतात, मोबाईल काढतात. बोंबील माझ्याच बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले, मेल्यानं चोरलेले. शेजारी मासळी विकताना मला लाज वाटायची, पण पोर खोटं बोलत नव्हतं. आज एक पुढारी आला. किनाऱ्यावर भराव टाकण्याचं काम त्याचंच. त्यानं कमळ्याला फेटा बांधला, हातात माईक दिला. कमळ्या ओरडला, "भराव येऊ द्या, सायबांना साथ द्या!" टाळ्या पडल्या. मी मासळीची पाटी बाजूला सारली. उठले, त्याच्या गळ्यातली माळ ओढून काढली. "आये, लोक बघतात!" "बघू देत. आपल्यात बाप्या दर्यात जातो आन् बाई विकते. तू रे कधीपासून विकायला बसलास?"