पंख्याविना

श्रीरंगच्या कॉम्प्युटरचा जराही आवाज येत नव्हता. शरयू बऱ्याच महिन्यांनी भावाच्या मिरजेच्या घरी आली होती. "पंखा जोरात फिरवला की माझ्या रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते, हळू फिरवला की मशीन तापतं," तो तिला सांगत होता. "म्हणून आता पंखाच बंद केलाय."

मशीनमागून निघालेल्या दोन लाल नळ्या पडद्यापलीकडे गेल्या होत्या. तिने पडदा सारला. कॉटवर तिचे वडील, अण्णा, घामाने निथळत पडले होते. नळ्या त्यांच्या दंडात शिरल्या होत्या.

"त्यांचं रक्त मशीनमधून फिरून उष्णता घेऊन येतं," श्रीरंग म्हणाला. "कंपनीचीच सोय आहे, ताई. नाहीतरी अण्णा दिवसभर पडूनच असतात."

त्याने खांद्यावर ठेवलेला हात शरयूने पाल झटकावी तसा झटकला. ती नर्स होती. चिमटे लावून तिने नळ्या काढल्या आणि अण्णांचा दंड घट्ट बांधला. तापलेल्या मशीनचा पंखा आपोआप घोंघावू लागला.

"आता या आवाजात मी रेकॉर्डिंग कसं करू?" श्रीरंग ओरडला.

ती अण्णांना धरून दाराकडे निघाली. उंबऱ्याशी थांबून त्यांनी भीतभीत विचारलं, "शरू, त्याचं मशीन तापणार नाही ना गं?"